शेवटच्या दिवसाचे सामान

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवसाचे विचारतो. विमान कसे होते, जेवणाचे काय केलेत, त्यांची भाषा कळत होती का? शेवटच्या दिवसाचे मात्र कोणी विचारीत नाही. सांगणाराही तो दिवस एका वाक्यात उरकतो : 'मग काय, सामान बांधलं आणि निघालो.' खरे पाहिले तर शेवटच्या दिवसाची गंमतच वेगळी. पाहायच्या स्थळांची यादी संपलेली असते. वाटाड्या आदल्या रात्रीच निरोप घेऊन गेलेला असतो. खिशात परक्या नाण्यांचा खुर्दा तेवढा उरलेला असतो, आणि विमान रात्रीचे असते. अशा रिकाम्या दिवशी तुम्हांला पाहुणा म्हणून कोणी वागवीत नाही. घरातली माणसे पाहुणा गेला असे समजून आपापल्या कामाला लागतात, आणि नेमके तेव्हाच ते घर कसे चालते हे पाहुण्याच्या दृष्टीस पडते.

असाच एक दिवस मी आज तुम्हांला सांगणार आहे. गाव टोकियो, जपानची राजधानी. तारीख १ सप्टेंबर २०२३, वार शुक्रवार. आम्ही काही शिक्षक अभ्यासदौऱ्यावर तिकडे दोन आठवडे होतो. ऑगस्ट हा तिकडचा उन्हाळी सुट्टीचा महिना. त्यामुळे शाळा पाहिल्या, पण मुलांवाचून. स्वच्छ वर्ग पाहिले, ओळीने लावलेली बाके पाहिली, बूट ठेवायची कपाटे पाहिली. सगळे पाहिले, आणि तरीही काही पाहिले नाही, असे मनात राहून गेले. मुलांशिवायची शाळा म्हणजे बैल नसलेला गोठा. झाडून लख्ख केला तरी तो कसा चालतो ते कळायचे नाही.

त्या शेवटच्या दिवशी माझे सोबती खरेदीला जाणार होते. माझी बॅग बांधून झाली होती. विमान कंपनीने ठरवून दिलेले वजन भरले होते, आणि आता तिच्यात काडेपेटीसुद्धा मावली नसती. मी पहाटे उठून मोकळ्या हाताने बाहेर पडलो.

आम्ही उतरलो होतो त्या भागाचे नाव उएनो. जवळच मोठी बाग आहे, आणि बागेच्या पायथ्याशी कमळांचे तळे. पाने एवढाली की खाली शेळीचे करडू उभे राहावे. तळ्यावरून वर चढलो तर एका झाडाखाली वीस-पंचवीस म्हातारी माणसे उभी. कोणी कोणाशी बोलत नव्हते. सगळ्यांचे लक्ष बाकावर ठेवलेल्या एका चिमुकल्या रेडिओकडे. साडेसहाचा ठोका पडला, रेडिओतून पियानो वाजू लागला, आणि साऱ्या मंडळींचे हात एकदम वर गेले. एका आजीबाईंनी माझ्या कोपराला धरून मला रांगेत उभे केले. गेली कित्येक वर्षे मी मुलांची कवायत घेतो. पण समोर तोंड करून घेणाऱ्याला उजवा हात सांगताना डावा उचलायची सवय असते. तेव्हा सारी रांग उजवीकडे वाकली की मी डावीकडे. आजीबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

ही रेडिओवरची कवायत जपानात १९२८ साली सुरू झाली. महायुद्धानंतर काही वर्षे ती थांबली, आणि १९५१ साली आजच्या रूपात पुन्हा चालू झाली. तेरा प्रकार, तीन मिनिटांच्या थोडी वर. सुट्टीत मुलेही येतात, आणि आलेल्या दिवसाचा शिक्का त्यांच्या कार्डावर उमटवतात. माणसाने एकट्याने करायचे ठरवले तर चार दिवसांत कंटाळा येईल. पण वेळ ठरलेली, सूर ठरलेला, आणि शेजारचा माणूस वाट पाहणार, म्हणून ते होते. रेडिओच्या खोलीत बसून हे सांगताना मला विशेष बरे वाटते.

कवायत संपल्यावर रेडिओवाले आजोबा माझ्याजवळ आले. "इंदो?" त्यांनी विचारले. इंदो म्हणजे हिंदुस्थान. मी मान हलवली. मग त्यांनी काठीने मातीत चार आकडे लिहिले : ११.५८. पूर्वेकडे बोट दाखवले, "र्योगोकु" असे म्हणाले, आणि डोळे मिटून हात जोडले. मला एवढेच कळले की, बारा वाजायला दोन मिनिटे कमी असताना र्योगोकु नावाच्या ठिकाणी काहीतरी आहे.

र्योगोकु मला तसेही पाहायचे होते. ती सुमो पैलवानांची पेठ. लाल मातीच्या तालमी पाहत वाढलेल्या माणसाला त्या गावात जाऊन पैलवान न बघता परतायचे म्हणजे पंढरपुराहून चंद्रभागा न पाहता येण्यासारखे. गाडी बदलून तिथे गेलो आणि स्टेशनबाहेर पाय ठेवतो न ठेवतो तोच दोन पैलवान समोरून आले. अंगात सुती झगे, पायांत लाकडी खडावा, केसांची तेल लावून घातलेली गाठ. बाहेर पडताना त्यांनी जुन्या पद्धतीचाच पोशाख करायचा, असा त्यांचा नियम आहे. त्या तेलाचा गोड वास त्यांच्यामागे रस्ताभर रेंगाळत होता. एकाच्या हातात भाजीची पिशवी होती, आणि तीतून मुळ्याचा पाला बाहेर डोकावत होता. मला वाटले, कोल्हापूर काय आणि र्योगोकु काय, तालमीतल्या धाकट्या पैलवानाला बाजार चुकला नाही.

पण त्या दिवशी रस्त्याने काळ्या कपड्यांतली माणसेही पुष्कळ चालली होती. कोणाच्या हातात फुले, कोणाच्या हातात उदबत्तीचा पुडा. त्यांच्यामागून गेलो. थोड्याच अंतरावर योकोआमिचो नावाचे उद्यान लागले. मध्ये मोठे स्मारकमंदिर, मागे तीन मजली मनोरा. दारातच उदबत्त्यांचा धूर दाटला होता. घड्याळात ११ वाजून ५८ मिनिटे झाली, आणि हलत्या गर्दीतला माणूस न् माणूस जागच्या जागी थांबला. ऊन मी म्हणत होते. कोणी छत्रीसुद्धा उघडली नाही.

श्रोतेहो, बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, त्याच मिनिटाला टोकियो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला. दुपारच्या जेवणाची वेळ. घरोघर चुली पेटलेल्या, घरे लाकडाची, आणि वारा जोराचा. धक्क्याने घरे पडली, पण माणसे जास्त मेली ती आगीने. एक लाखाहून अधिक लोक त्या संकटात गेले. हे उद्यान आज आहे तिथे तेव्हा लष्कराच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराची मोकळी जागा होती. आगीपासून वाचायला आजूबाजूची माणसे तिथे धावली. मोकळे मैदान पाहून त्यांना हायसे वाटले असेल. येताना त्यांनी घरातले जे जे हाती लागले ते आणले होते : गाद्या, पेट्या, कपाटे, हातगाड्यांवर रचलेले संसार. दुपारी आगीचा वावटळीसारखा भोवरा त्या मैदानावर आला. ठिणग्या त्या सामानावर पडल्या आणि सामानच पेटले. त्या एका मैदानात सुमारे ३८ हजार माणसे जळून मेली. जीव वाचवायला आणलेल्या जागेत त्यांच्याच संसाराने त्यांना घेरले.

त्याच उद्यानात कडेला १९७३ साली उभारलेला एक दगड आहे. तोही सांगितला पाहिजे. भूकंपानंतर अफवा उठली की कोरियन लोक आगी लावत आहेत, विहिरींत विष टाकत आहेत. ती खोटी होती. पण तिच्यावर विश्वास ठेवून जमावांनी, आणि काही ठिकाणी शिपायांनीही, निरपराध कोरियन माणसांना मोठ्या संख्येने ठार मारले. त्यांच्या स्मरणाचा तो दगड. त्याच्यापुढेही लोक फुले ठेवत होते. धरणीने एवढे मारल्यावरही माणसाने माणसाला मारायचे सोडले नाही. संकटाच्या दिवशी जी गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली नाही ती पुढच्याला सांगू नये, एवढे त्या दगडापुढे उभे राहून मला उमगले.

आता मी तिथे इतका वेळ का थांबलो ते सांगतो. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना, किल्लारी-सास्तूरच्या भागात भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे थकून झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हजारो माणसे अंथरुणातच गाडली गेली. आमचे गाव किल्लारीपासून थोडे लांब, त्यामुळे आमच्याकडची सगळी घरे पहिल्या धक्क्यात पडली नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडिलांनी आम्हां भावंडांना ओढून बाहेर काढले. शेजारच्या काकूही बाहेर आल्या होत्या, आमच्याजवळच उभ्या होत्या. अंधारात त्यांना डब्याची आठवण झाली. "आत्ता आले," असे म्हणून त्या आत गेल्या. भिंत नंतर पडली.

त्या डब्यात काय होते, ते आम्हांला कधी कळले नाही. पण त्या योकोआमिचोच्या उद्यानात, पेटलेल्या गाद्या-पेट्यांची हकिगत वाचताना, तीस वर्षांनी मला पहिल्यांदा वाटले की काकू काही वेगळ्या वागल्या नव्हत्या. माणूस तसाच असतो. सामान सोडून यायला माणसाला शिकवावे लागते, आणि ते आधी शिकवावे लागते.

तिथून निघालो तो चालतच. नदीवर कुरामाए नावाचा पूल आहे. भूकंपानंतर शहर पुन्हा उभारले तेव्हाचा, १९२७ चा. पलीकडच्या काठी पूर्वी राज्यकर्त्यांची तांदळाची कोठारे होती. त्यांची आठवण म्हणून पुलाचा रंग भाताच्या तुसासारखा पिवळा ठेवला आहे, असे सांगतात. पूल ओलांडून गल्लीत शिरलो, आणि एका शाळेच्या फाटकाशी येऊन थबकलो. कारण आत मुले होती!

पटांगणात सारी शाळा जमिनीवर बसली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक विचित्र टोपी. कापूस भरून शिवलेली, मानेपर्यंत येणारी, हनुवटीखाली पट्टा. अगदी आपल्या गोधडीला घडी घालून केलेल्या कुंचीसारखी. फाटकापाशी आयांची, आज्यांची आणि दोन-चार बापांची रांग. एकेक पालक पुढे जाई, बाई हातातल्या कागदावर नाव पाहत, मुलाला विचारत, 'हे कोण?' मूल सांगे, आणि मगच त्याचा हात पालकाच्या हातात देत. घाई नाही, आरडाओरडा नाही.

मी बघत उभा राहिलो तेवढ्यात दंडाला फडके बांधलेल्या एका गृहस्थांनी मला हटकले. बरोबरच होते. ज्या दिवशी मूल कोणाच्या हाती द्यायचे याची तालीम चालली आहे, त्या दिवशी फाटकाशी एक अनोळखी दाढीवाला उभा! मला त्यांची भाषा येईना, त्यांना माझी. रांगेतल्या एका आईला थोडे इंग्रजी येत होते. तिला मी म्हटले, "मी शिक्षक आहे. हिंदुस्थानातला. आत यायचं नाही, फक्त पाहायचं आहे." तिने ते सांगितले. गृहस्थ आत गेले आणि मुख्याध्यापिकेलाच घेऊन आले. बाई फाटकाच्या आत, मी बाहेर. फाटक त्यांनी उघडले नाही. मला ते फार आवडले.

त्या आईने समजावले की १ सप्टेंबर हा त्यांचा संकट-निवारणाचा दिवस आहे. १९६० पासून तो पाळतात. आजची तालीम अशी की भूकंप झाला आहे, गाड्या बंद आहेत, तर मुलाला सुखरूप घरच्या माणसाच्या हवाली कसे करायचे. त्या टोपीचे नाव बोसाई झुकिन. ती रोज वर्गात बसायच्या खुर्चीवर उशीसारखी घातलेली असते. म्हणजे शोधायला जायला नको.

मुख्याध्यापिकेने विचारले, "तुमच्याकडे भूकंप होतो?"

मी म्हणालो, "एकोणीसशे त्र्याण्णव. पहाट. मी अकरा वर्षांचा होतो."

त्या आईने भाषांतर केले. बाई काही बोलल्या नाहीत. त्या कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी पहिलीतल्या एका मुलीला जवळ बोलावले आणि तिला काही सांगितले. मुलीने चार बोटे वर केली, आणि आपल्याकडची मुले पाढा म्हणतात तशा ठेक्यात एकेक बोट मिटत म्हटले : ओ, का, शि, मो.

ही त्यांची चार अक्षरे. ओसानाइ, ढकलायचे नाही. काकेनाइ, धावायचे नाही. शाबेरानाइ, बोलायचे नाही. मोदोरानाइ, परत जायचे नाही. धक्का थांबल्यावर वर्गातून बाहेर पडताना पाळायचे हे चार नियम तिथल्या लहान मुलांनासुद्धा पाठ असतात. तिचे शेवटचे बोट मिटले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शेजारच्या काकू होत्या. मोदोरानाइ. त्यांना हे एक अक्षर कोणी शिकवले असते तर?

श्रोतेहो, दोन आठवड्यांत जे पाहायला मिळाले नव्हते ते फाटकाबाहेर उभे राहून पंधरा मिनिटांत मिळाले.

मग मात्र मला एकच ध्यास लागला. एक टोपी घरी न्यायची. कोपऱ्यावर पोलिसांची चौकी होती. तिथे तिला कोबान म्हणतात. आत एक तरुण शिपाई. टोकियोत बहुतेक गल्ल्यांना नावच नसते, घरांचे नुसते गट आणि आकडे असतात, म्हणून पत्ता विचारणाऱ्यांना नकाशा काढून देणे हे त्यांचे रोजचे काम. मी दोन्ही हातांनी डोक्यावर टोपी घातल्याचे सोंग केले आणि गुडघे वाकवून हललो. त्याच्या चेहऱ्यावर प्रथम काळजी दिसली, मग प्रकाश पडला. त्याने कागदावर रेघा ओढल्या, वळणावर फुली मारली, आणि फुलीपाशी एक टोपी काढून दिली.

दुकान शिवणकामाच्या सामानाचे. गल्ल्यावर एक वृद्धा. टोपी होती. किंमत २,२०० येन. माझ्याजवळ सारा मिळून ३,२०० येनांचा खुर्दा होता, आणि त्यातले हजारावर येन विमानतळाच्या गाडीसाठी वेगळे ठेवायला हवे होते. मी सगळी नाणी मांडली, तिकिटाची बाजूला सारली, आणि उरलेली तिच्याकडे सरकवली. पन्नास येन कमी पडत होते. तिने पुन्हा मोजली. मग त्या ढिगातले एक पिवळे, मध्ये भोक असलेले नाणे उचलून माझ्या तळहातावर ठेवले, माझी बोटे मिटली, आणि टोपी कागदात बांधू लागली. ते पाच येनांचे नाणे. त्यावर भाताची लोंबी असते, पाणी असते आणि भोकाभोवती यंत्राच्या चाकाचे दाते असतात : शेती, मासेमारी आणि कारखाने. पाच येन म्हणजे 'गो-एन'. आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. देवळात टाकायला लोक मुद्दाम तेच नाणे निवडतात. मला पन्नास कमी पडले होते, आणि वरून तिने मला पाच दिले. आपल्याकडच्या एखाद्या वाण्याने हिशेब असा केला असता तर आपण त्याला वेडा म्हटले असते.

उएनोकडे परतताना संध्याकाळ झाली. कुठल्याशा खांबावरच्या कर्ण्यातून मुलांच्या एका जुन्या गाण्याची चाल वाजू लागली. रस्त्यावर खेळणारी मुले लगेच घराकडे वळली. ही चाल मी रोज ऐकत होतो आणि मला वाटे, हौस म्हणून वाजवत असतील. आदल्या दिवशी वाटाड्याने तिचे खरे कारण सांगितले होते. ते कर्णे संकटाची सूचना देण्यासाठी लावलेले आहेत. यंत्रणा चालू आहे की नाही हे रोज तपासायचे, तर नुसता भोंगा कशाला, मुलांना घरी बोलावणारे गाणेच वाजवावे! मुलांचे घरी जाणे होते आणि कर्ण्याची परीक्षा होते. आपल्याकडेही सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असाच एक शहाणपणा केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा, आणि गावाने टी.व्ही., मोबाइल बंद ठेवून मुलांना अभ्यासाला बसवायचे. गावाकडे एक आवाज असला की त्याची अशी कितीतरी कामे होतात.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर माझी ती कागदी पुडी उघडली गेली. तपासणारी मुलगी विशीतली असेल. तिने टोपी हातात धरली आणि ती क्षणभर शाळकरी झाली. आजूबाजूला पाहून, हळूच, तिने माझ्यासमोर चार बोटे धरली.

मी म्हणालो, "ओ, का, शि, मो."

ती हसली. मी पुढे गेलो.

ती टोपी आज आमच्या शाळेच्या कपाटात आहे. पुष्कळ जण विचारतात, 'गुरुजी, आपल्या बायका गोधडीच्या अशाच टोप्या शिवतील की!' मी नको म्हणतो. चांगल्या बोसाई झुकिनचे कापड सहजासहजी पेट न घेणारे असते. आपली जुन्या लुगड्याची गोधडी ठिणगी पडताच धुमसू लागेल. ती वस्तू तिथली आहे, तिथे शोभते. आणायचे होते ते दुसरेच, आणि त्याला वजन नव्हते.

परत आल्यावर त्याच महिन्यात, ३० सप्टेंबर २०२३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे पूर्ण झाली. शनिवार होता, सकाळची शाळा. आम्ही पहिली तालीम घेतली. घंटा वाजली, मुले बाकांखाली गेली, आणि दुसऱ्या घंटेला बाहेर निघाली. दारातच सगळी अडकली. का? तर चपला! वर्गाबाहेर काढून ठेवलेल्या ढिगातून जो तो आपापली चप्पल शोधत होता. एक मुलगा तर पटांगणात पोहोचून पुन्हा धावत आला, डाव्या पायातली राहिली म्हणून. मुले हसली. मी हसलो नाही. संध्याकाळी आम्ही शिक्षकांनी बसून ठरवले की चपला दाराच्या समोर न ठेवता बाजूच्या भिंतीला ओळीने ठेवायच्या, आणि घंटा झाली की अनवाणी निघायचे. एवढी साधी गोष्ट. पण ती कागदावर सुचली नसती, तालीम केल्यावरच दिसली. पुढच्या खेपेला तेच दार मुलांनी हां हां म्हणता मोकळे केले.

चार अक्षरांचे आम्ही मराठी केले. ढकलू नको, धावू नको, बोलू नको, परतू नको. आता आमच्या पहिलीची मुले बोटे मिटत ते म्हणतात, आणि घरी जाऊन आजीलाही म्हणायला लावतात. परवा एक आजी मला म्हणाल्या, "गुरुजी, चौथं बोट लई अवघड हाय बगा." खरेच आहे ते. पहिली तीन बोटे पायांची आणि तोंडाची आहेत, चौथे जिवाच्या ओढीचे आहे. म्हणून तेच जास्त घोकायचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आणि गावकरी मंडळींनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे की आपल्या गावाची एक तारीख ठरवा. आमची ३० सप्टेंबर. कोयनेच्या खोऱ्यातल्या गावांना ११ डिसेंबर आहे, १९६७ च्या भूकंपाची. डोंगरउताराच्या गावांना ३० जुलै घेता येईल. २०१४ साली त्या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. नदीकाठच्यांनी आपल्या पुराची तारीख आठवावी. त्या दिवशी फुले वाहावीत, गेलेल्यांची नावे घ्यावीत, आणि मग अर्धा तास तालीम करावी. मैदान कोणते, तिथपर्यंत म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, दावणीची गुरे कोण सोडणार, कोणाचे मूल कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवावे. यासाठी अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही. एक घंटा असली की पुरे.

आणि त्या तालमीत एक गोष्ट आवर्जून करून घ्या. मैदानात पोहोचल्यावर प्रत्येकाने आपले दोन्ही हात वर करून दाखवावेत. दोन्ही हात रिकामे असले, तर तालीम साधली असे समजावे. त्यांतल्या एका हातात लहान मुलाचा हात असला तर तेवढी सूट द्यावी.